रिझोल्यूशन उतरवलं तरी गेम अडकतो, वर चित्रही धूसर : आधी काय तपासायचं, मग काय कमी करायचं

तक्रार जवळपास नेहमी एकाच शब्दांत येते. "गेम अडकत होता म्हणून रिझोल्यूशन ७२० वर आणलं. आता चित्र धूसर झालंय आणि अडकायचं तर थांबलंच नाही." मी सोलापुरात पीसी जुळवून देतो, दुरुस्तही करतो. ही तक्रार वर्षभर येते, पण मार्च ते जून जरा जास्तच. त्याचं कारण पुढे येईल.

या तक्रारीच्या मागोमाग एक प्रश्न ठरलेला असतो : रिझोल्यूशन (चित्र किती पिक्सेलचं, म्हणजे किती ठिपक्यांचं ते) महत्त्वाचं की ग्राफिक्सचं डिटेल (सावल्या, गवत असे बारकावे)? माझं मत सुरुवातीलाच सांगतो. तुमच्या पडद्याचं जे मूळ रिझोल्यूशन आहे, तिथपर्यंत रिझोल्यूशनला पहिला मान. त्याच्या वर जायची वेळ आली तर डिटेलला आणि फ्रेम रेटला (सेकंदाला किती चित्रं येतात त्याला) पहिला मान. पण गेम अडकत असेल तर या दोन्हींना हात लावण्याआधी नेमकं काय तुंबलंय ते शोधायला हवं. अर्ध्याअधिक वेळा दोष या दोघांपैकी कुणाचाच नसतो.

केबल आणि पडदा

हे तपासायला मिनिटही लागत नाही, तरी आधी हेच बघा. मॉनिटरची एचडीएमआय केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टमध्ये आहे की वर मदरबोर्डच्या पोर्टमध्ये? घर बदललं, खोली झाडली, कॅबिनेट हलवलं की केबल चुकून मदरबोर्डला लागते. प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स असेल तर पडदा नीट चालू होतो आणि कुणाला शंकाही येत नाही. पैसे मोजून घेतलेलं कार्ड आत नुसतं बसून राहतं.

दुसरं, पडदा खरोखर किती पिक्सेलचा आहे? बऱ्याच घरांत जुना ३२ इंची टीव्हीच मॉनिटर म्हणून लावलेला असतो. असे 'एचडी रेडी' टीव्ही १०८०पी (१९२०×१०८०) सिग्नल घेतात, पण आतलं पॅनेल बहुधा १३६६×७६८ चं असतं. म्हणजे १०,४९,०८८ पिक्सेल. तुम्ही कार्डाकडून २०,७३,६०० पिक्सेल रंगवून घेताय आणि टीव्ही त्यातले निम्मे गाळून टाकतोय. अशा पडद्यावर गेम सरळ १३६६×७६८ वर ठेवा. चित्र बिघडत नाही, कार्डाचं काम मात्र निम्मं होतं. टीव्हीच्या मेनूत चित्राच्या कडा कापण्याची सोय असते, तीही बंद करा आणि शार्पनेस उतरवा. जुनी व्हीजीए केबल असेल तर ती बदलणं हाच सगळ्यांत स्वस्त 'ग्राफिक्स अपग्रेड' आहे.

नेमकं काय तुंबलंय

यासाठी एमएसआय आफ्टरबर्नर हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर टाकून घ्या. त्यात पाच आकडे चालू करा : एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम), फ्रेम टाइम (एका फ्रेमला लागणारा वेळ), कार्डाचा वापर, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आणि तापमान. हे आकडे खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात दिसत राहतात.

आता गेममध्ये जिथे तो सगळ्यांत जास्त अडकतो, त्याच जागी जाऊन उभे राहा. कॅमेरा हलवू नका. एफपीएस लिहून घ्या. मग फक्त रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणा, बाकी काही बदलू नका. त्याच जागी पुन्हा आकडा बघा.

आकडा चांगला वर उडाला तर तुंबलंय ते ग्राफिक्स कार्ड. पिक्सेल रंगवताना त्याची दमछाक होतेय. इथे रिझोल्यूशन आणि डिटेलच्या चर्चेला अर्थ आहे, पुढचा भाग तुमच्यासाठीच.

आकडा जागचा हललाच नाही तर कार्ड रिकामं बसलंय आणि प्रोसेसर किंवा रॅम मागे पडतेय. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर जाण्याऐवजी ५०-६० वर घुटमळताना दिसेल. अशा मशीनवर ७२०पी करून तुम्ही फक्त चित्र घालवता, हाती काही लागत नाही. इथे कमी करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत : रस्त्यावरची माणसं आणि गाड्यांची गर्दी, दूरपर्यंत दिसण्याचं अंतर, फिजिक्स. आणि झाकण उघडून रॅम बघा. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी घालून ड्युअल चॅनल करा, म्हणजे दोन्ही पट्ट्या जोडीने काम करतील. प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांना तर याचा सगळ्यांत मोठा फायदा होतो, कारण त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅममधून वाटा घेतं.

तिसरी तऱ्हा जरा फसवी आहे. एफपीएसचा सरासरी आकडा छान दिसतो, पण मान वळवली, गाडी वेगात नेली की झटके बसतात. इथे फ्रेम टाइमची रेघ बघायची. ६० एफपीएस म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. सरासरी ६० असली आणि मधूनच एखादी फ्रेम ८०-९० मिलिसेकंद घेत असली, तर डोळ्याला गेम अडकलेलाच वाटणार. याची दोन नेहमीची कारणं : व्हीरॅम भरून वाहतेय, किंवा गेम जुन्या हार्ड डिस्कवर आहे आणि पुढचा नकाशा वेळेत वाचून होत नाही. नकाशा मोठा असलेले गेम एसएसडीवर हलवा. व्हीरॅमचं पुढे सांगतो.

डोंगरात अडकणारा जीटीए

एक उदाहरण तपशिलात सांगतो, म्हणजे सगळं कसं एकमेकांत गुंतलेलं असतं ते कळेल. जुळे सोलापुरातला एक मुलगा, इंजिनिअरिंगला आहे, मशीन घेऊन आला. ४ जीबीचं जीटीएक्स १६५० कार्ड, २४ इंची १०८०पी मॉनिटर, गेम पीसीवर २०१५ ला आलेला जीटीए ५. या कार्डावर हा गेम आरामात चालायला हवा.

"दादा, शहरात एकदम मस्त चालतो. डोंगराकडं गेलं की मरतो. ७२० केलं तरी तसंच की."

"ग्राफिक्सचं पान उघड. काय काय लावलंयस?"

"रिझोल्यूशन कमी केलंय ना, म्हणून बाकी सगळं फुल्ल ठेवलंय."

पान उघडलं तर एमएसएए ८ एक्स आणि गवत अल्ट्रा. तिथेच उत्तर होतं. हा गेम ओळखणाऱ्यांना माहीत आहे की शहराबाहेर पडलं की गवताचं सेटिंग कार्डाचा जीव काढतं. शहरात गवत फारसं नाहीच, म्हणून तिथे काही जाणवत नाही.

एमएसएएचा हिशोबही बघण्यासारखा आहे. हे सेटिंग वस्तूंच्या कडा गुळगुळीत करायला एकाच पिक्सेलमध्ये अनेक नमुने घेतं. ७२०पी म्हणजे ९,२१,६०० पिक्सेल. त्यावर ८ एक्स म्हणजे कडांसाठी ७३,७२,८०० नमुने सांभाळायचे. ४के पडद्याचे सगळे पिक्सेल मिळून ८२,९४,४०० होतात. म्हणजे मुलाने एका हाताने रिझोल्यूशन उतरवलं आणि दुसऱ्या हाताने मेमरीवर जवळपास ४के एवढा बोजा टाकला. गवताच्या लाखो पात्या, प्रत्येक पातीला कडा. कार्ड अडकेल नाहीतर काय करेल?

बदल असे केले. रिझोल्यूशन परत १९२०×१०८०. एमएसएए बंद, त्याऐवजी कडा गुळगुळीत करणारंच पण हलकं एफएक्सएए चालू. गवत हाय. रिफ्लेक्शनचं वेगळं एमएसएए असतं, तेही बंद. 'अ‍ॅडव्हान्स्ड' पानावरच्या लांब सावल्या, सावल्यांचं वाढीव अंतर आणि दूरच्या वस्तूंचं वाढीव डिटेल हे सगळं बंद. टेक्श्चर (भिंती, कपडे, रस्ते यांच्यावरचं चित्र) मात्र व्हेरी हायवरच ठेवलं आणि अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग १६ एक्स. या गेममध्ये सेटिंगच्या पानावरच व्हिडिओ मेमरीची पट्टी दिसते, ती ४ जीबीच्या आत राहिली.

मग गेममधल्या चिलियाड डोंगराच्या पायथ्याशी गाडी नेली. गेम सरळ चालला. पण मुलगा बघत राहिला तो वेगळ्याच गोष्टीकडे. कोपऱ्यातला छोटा नकाशा, रस्त्यावरच्या पाट्या, लांबच्या विजेच्या तारा, सगळं स्वच्छ दिसत होतं. जास्त 'डिटेल' लावलं होतं तेव्हा हे काहीच दिसत नव्हतं.

डिटेलला जागा लागते

असं का होतं ते सोलापूरकराला सांगायला मला कधी अडचण येत नाही. आपल्या चादरीवरचा मोर जॅकार्ड मागावर जाण्याआधी आलेखाच्या कागदावर उतरतो, एकेक चौकोन भरून. चौकोन मोजके असतील तर मोराचा पिसारा कितीही बारीक काढायचा ठरवला तरी पिसातली रेघ चौकोनाहून बारीक होऊ शकत नाही. पिक्सेलचं अगदी तसंच आहे. गेममधली तार, कुंपणाची जाळी, गवताची पाती ही पिक्सेलहून बारीक झाली की ती कधी दिसते, कधी गायब होते. कॅमेरा हलला की ती लुकलुकते. हा लुकलुकाट म्हणजे कमी रिझोल्यूशनवर जास्त डिटेल लावल्याची खूण. मग तो झाकायला गेम टीएए नावाचं सेटिंग वापरतात. ते मागच्या फ्रेममधली माहिती पुढच्यात मिसळतं. कमी पिक्सेलवर या मिसळण्याने चित्र आणखी मऊ, धूसर होतं. १०८०पी वर रेड डेड रिडेम्पशन २ खेळलेल्यांना हे पटकन ओळखू येईल.

आणि पॅनेलचा प्रश्न आहेच. १०८०पी पॅनेलवर ७२०पी चित्र दाखवायचं तर प्रत्येक पिक्सेल दीडपट ताणावा लागतो. अर्धा पिक्सेल दाखवता येत नाही, म्हणून शेजारच्या पिक्सेलांचे रंग एकमेकांत कालवले जातात. धूसरपणाचं मूळ इथे आहे. याउलट ४के पॅनेलवर १०८०पी दाखवायचं तर बरोबर दुप्पट, एका पिक्सेलचे चार. कार्ड बनवणाऱ्या एनव्हीडियाने २०१९ मध्ये ट्युरिंग पिढीच्या आणि पुढच्या कार्डांसाठी इंटिजर स्केलिंगची सोय दिली ती यासाठीच. कालवाकालव न करता पिक्सेल जसाच्या तसा मोठा होतो. जुने पिक्सेल आर्टचे गेम खेळणाऱ्यांनी ती जरूर चालू करावी.

काय आधी कमी करायचं

इथे माझी मतं ठाम आहेत आणि ती कार्ड कसं काम करतं त्यावरून बनलेली आहेत.

सावल्या पहिल्यांदा. सावली काढायची म्हणजे गेम तोच देखावा सूर्याच्या जागेवरून पुन्हा एकदा रंगवतो, तोही जवळ-लांब अशा अनेक टप्प्यांत. अल्ट्रावरून मीडियमवर आणलं तर खेळताना फरक शोधावा लागतो, एफपीएसमध्ये मात्र तो लगेच दिसतो. एकदम लो करू नका, कारण बऱ्याच गेममध्ये लोवर सावलीच्या कडा खाचखळग्यांच्या होतात आणि त्या चालताना डोळ्यांत खुपतात.

दुसरा नंबर धुक्याचा आणि प्रकाशझोतांचा, म्हणजे व्हॉल्युमेट्रिक म्हणून जे सेटिंग असतं ते. तिसरं पाण्यातलं, काचेतलं प्रतिबिंब. रेड डेड २ मध्ये वॉटर फिजिक्सचा सरकवायचा दांडा आहे, तो अर्ध्याच्या खाली आणा. पाण्यात डुबक्या मारत नसाल तर कळणारही नाही. अँबियंट ऑक्ल्युजन मी मात्र पूर्ण बंद करत नाही. टेबलाखाली, भिंतीच्या कोपऱ्यात जो हलका काळोख असतो तो यामुळे येतो. तो गेला की वस्तू जमिनीवर टेकलेल्या वाटत नाहीत, तरंगतात. ते सगळ्यांत हलक्या पर्यायावर ठेवा.

मोशन ब्लर, फिल्म ग्रेन, क्रोमॅटिक अबरेशन आणि डेप्थ ऑफ फील्ड ही चारही सरळ बंद करा. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून इतका खटाटोप करायचा आणि वरून तेच मुद्दाम खराब करणारी सेटिंग चालू ठेवायची, यात काही अर्थ नाही.

टेक्श्चर शेवटी, आणि तेही व्हीरॅम सांगेल तेव्हाच. बहुतेक लोक इथेच उलटं करतात. अडकलं की टेक्श्चर लो. टेक्श्चर व्हीरॅममध्ये मावत असेल तर हायवरून लोवर आणून एफपीएस जवळजवळ वाढत नाही, पण भिंती, कपडे, रस्ते सगळं चोळामोळा झाल्यासारखं दिसतं. मावत नसेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. उरलेला माल साध्या रॅममध्ये जातो, तिथून पीसीआय स्लॉटवाटे ने-आण सुरू होते आणि वर सांगितलेले झटके बसतात. म्हणून आफ्टरबर्नरमध्ये व्हीरॅमचा आकडा बघा. ४ जीबी कार्डावर तो सारखा छताला टेकत असेल तर टेक्श्चर एक पायरी उतरवा, पुरे. १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० असेल तर १०८०पी वर टेक्श्चर उतरवायची वेळ क्वचितच येते. जुन्या ८ जीबीच्या आरएक्स ५८० वाल्यांनाही याच कारणाने टेक्श्चरचं सुख आहे. कार्ड आता मंद वाटतं, पण त्याची झोळी मोठी आहे.

अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग १६ एक्सवर ठेवा आणि विसरून जा. तिरपी दिसणारी जमीन, पुढे जाणारा रस्ता यामुळे लांबपर्यंत स्पष्ट राहतो आणि आजच्या कुठल्याही कार्डाला त्याचं ओझं होत नाही.

तरीही नाहीच जमलं तर

काही गेम आणि काही कार्डं अशी असतात की एवढं करूनही ६० सोडा, ४० एफपीएसही मिळत नाहीत. मग पिक्सेल कमी करावेच लागतात. पण डिस्प्ले रिझोल्यूशनला हात लावू नका. ते मूळ आकड्यावरच राहू द्या आणि गेममधला रेंडर स्केल किंवा अपस्केलिंग वापरा. फरक असा की नकाशा, अक्षरं, रक्ताची पट्टी हे पूर्ण रिझोल्यूशनवर काढलं जातं, फक्त मागचं त्रिमिती दृश्य कमी पिक्सेलवर बनून वर ताणलं जातं. वाचायला त्रास होत नाही.

एनव्हीडियाचं आरटीएक्स कार्ड असेल तर त्यांचंच अपस्केलिंग, डीएलएसएस. त्यातलंही २०२० ला आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासूनचं, त्याआधीचं फारसं कामाचं नव्हतं. जीटीएक्स किंवा रेडिऑन असेल तर एएमडीचं एफएसआर चालतं. २०२१ चं पहिलं एफएसआर फक्त समोरची फ्रेम बघून ताणायचं. २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून मागच्या फ्रेमचीही माहिती वापरली जाते आणि चित्रात खूप सुधारणा दिसते. गेममध्ये पर्याय असेल तर दुसरी किंवा तिच्या पुढची आवृत्ती निवडा.

एक हिशोब लक्षात ठेवा. दोन्हींत 'क्वालिटी' म्हणजे प्रत्येक बाजू दोन तृतीयांश. १०८०पी मॉनिटरवर क्वालिटी लावलं की आतून गेम १२८०×७२० वर चालतो. 'परफॉर्मन्स' लावलं की ९६०×५४०. त्यामुळे १०८०पी वर मी क्वालिटीच्या खाली जायला सांगत नाही. गेमला चित्र जुळवायला तेवढा कच्चा मालच उरत नाही. हेच ४के टीव्हीवर परफॉर्मन्स लावलं तर आतून १०८०पी मिळतं आणि ते छान दिसतं. 'परफॉर्मन्स वाईट दिसतं' आणि 'परफॉर्मन्स मस्त दिसतं' असे दोघे भांडत असतात तेव्हा बहुधा दोघेही आपापल्या पडद्यापुरतं खरं बोलत असतात.

पिक्सेल वाचवायचा आणखी एक मार्ग आहे, तो मला मनापासून आवडतो. २०१५ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आलेला 'द ऑर्डर : १८८६' हा गेम १९२०×८०० वर चालायचा. वर-खाली काळ्या पट्ट्या आणि मधलं चित्र पिक्सेलला पिक्सेल, कुठेही ताणलेलं नाही. १०८०पी पेक्षा २६ टक्के पिक्सेल कमी, आणि वाचलेली ताकद कडा गुळगुळीत करण्यात आणि कपड्यांच्या, दगडांच्या बारकाव्यांत घातलेली. गेम म्हणून त्याच्यावर टीका बरीच झाली, पण दिसायला तो आजही देखणा आहे. तुम्हीही हे करू शकता. एनव्हीडिया किंवा एएमडीच्या कंट्रोल पॅनेलमध्ये १९२०×८०० असं स्वतःचं रिझोल्यूशन बनवा आणि स्केलिंग 'नो स्केलिंग' ठेवा. गोष्ट सांगणाऱ्या, निवांत खेळायच्या गेमना हे शोभतं. निशाणेबाजीच्या गेममध्ये चित्राची उंची कमी झालेली खटकते, तिथे नको.

काउंटर-स्ट्राइकसारख्या स्पर्धेच्या गेमना वरचं काहीच लागू नाही. तिथले कसलेले खेळाडू मुद्दाम १२८०×९६० वर, चित्र आडवं ताणून खेळतात, कारण त्यांना समोरचा माणूस रुंद आणि फ्रेम भरपूर हव्या असतात. सुंदर दिसणं हा त्यांचा विषयच नाही.

टीव्ही आणि मोबाइल

टीव्हीवर खेळणाऱ्यांनी अंतर मोजावं. चांगली नजर साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखते. त्यावरून हिशोब केला तर ४३ इंची टीव्हीवर १०८०पी चे पिक्सेल साडेपाच फुटांपलीकडून वेगळे दिसत नाहीत, ५५ इंचीवर सात फुटांपलीकडून. आपल्याकडे हॉलमध्ये सोफा आणि टीव्ही यांच्यात आठ-नऊ फूट सहज असतात. तेवढ्या लांबून ४३ इंचीवर ४के साठी हट्ट करणं वाया आहे. कन्सोलवर 'परफॉर्मन्स' आणि 'क्वालिटी' असे दोन पर्याय आले तर परफॉर्मन्स घ्या, ६० फ्रेमचा फरक सोफ्यावरूनही कळतो. याच हिशोबाने २४ इंची १०८०पी मॉनिटरचे पिक्सेल साधारण ९५ सेंटिमीटरपर्यंत ओळखू येतात. टेबलावर आपण त्याहून बरेच जवळ बसतो. मॉनिटरवर मूळ रिझोल्यूशन सोडू नका असं मी सारखं म्हणतो ते यासाठीच.

२०१३ मध्ये बॅटलफील्ड ४ प्लेस्टेशन ४ वर ९००पी आणि एक्सबॉक्स वनवर ७२०पी चालतो यावरून जगभर वाद झाले होते. त्यात कोण किती फुटांवर बसतो हे क्वचितच कुणी विचारलं.

मोबाइलवर बीजीएमआय खेळणाऱ्यांना एकच सांगणं : ग्राफिक्स स्मूथ, फ्रेम रेट एक्स्ट्रीम किंवा फोन देत असेल ते सगळ्यांत वरचं. सहा-साडेसहा इंची पडद्यावर गवताचं डिटेल बघायला कुणी उतरत नाही. आणि चार्जिंगला लावून खेळू नका, फोन तापला की फ्रेम पडतातच.

उन्हाळा आणि सूत

आता मार्च ते जूनची गोष्ट. गेम सुरू केल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं झकास चालतो आणि मग अडकायला लागतो, पीसी बंद करून तासाभराने लावला की पुन्हा झकास. हे लक्षण असेल तर सेटिंगचं पान बंद करा. हा उष्णतेचा दोष आहे. पंखा लावलेला कूलर कार्डाला खोलीच्या तापमानाखाली कधीच नेऊ शकत नाही. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत जे कार्ड ७० अंशांवर चालतं, ते मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली, खोलीच ४० च्या वर गेलेली असताना, ८३ अंशांना सहज भिडतं. बऱ्याच एनव्हीडिया कार्डांची मर्यादा याच आकड्याच्या आसपास ठरवलेली असते. तिथे पोचलं की कार्ड स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. तुम्हाला वाटतं, गेमचा अपडेट खराब आला.

आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांत याच्या जोडीला सूत असतं. घरात किंवा शेजारी यंत्रमाग असेल तर सुताचे बारीक तंतू हवेत असतातच. पंखा ते आत ओढतो आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पात्यांवर, पंख्याच्या मागच्या बाजूला त्यांचा जाड करडा थर बसतो. बाहेरून कॅबिनेट पुसलेलं, चकचकीत. पंखा सोडवला की आत हा थर, चिमटीत धरून ओढला तर एकसंध निघतो. नुसत्या ब्लोअरने तो जात नाही, उलट पात्यांमध्ये आणखी घट्ट बसतो. पंखा काढून मऊ ब्रशने थर सोडवा, मग ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, जोरात फिरलं तर बेअरिंग खराब होतं. कार्ड तीन-चार वर्षांचं झालं असेल तर थर्मल पेस्टही बदलून घ्या. पाण्याचा कूलर कॅबिनेटच्या तोंडावर सोडू नका. खोली थंड करा, दमट झोत थेट मशीनवर नको.

याशिवाय मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा असेल तर एफपीएस ६० वर बांधून टाका. कार्ड १२० फ्रेम काढून निम्म्या फेकून देत असतं आणि तेवढं जास्त तापत असतं. लॅपटॉपवाल्यांनी चार्जर लावूनच खेळायचं. वीज गेल्यावर गेम चालू राहतो पण एकदम निम्म्यावर येतो, कारण बॅटरीवर कार्डाला पुरेशी वीज दिलीच जात नाही. वीज परत आली की तो आपोआप सुधारतो, त्यासाठी सेटिंग बदलत बसू नका.

शेवटचं, ही तक्रार पुन्हा पुन्हा का येते त्याबद्दल. गेमचा मोठा अपडेट किंवा नवा ड्रायव्हर आला की काही गेम ग्राफिक्सची सेटिंग पुन्हा आपल्या मनाने लावतात. ड्रायव्हरसोबत येणारे प्रोग्रॅमही गेम 'ऑप्टिमाइझ' करायची परवानगी मागतात आणि एकदा हो म्हटलं की जमवलेलं सगळं पुसून टाकतात. ती परवानगी देऊ नका. एकदा मनासारखं बसलं की सेटिंगच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि त्याच जागी उभं राहून आलेला एफपीएसचा आणि तापमानाचा आकडाही त्यात येऊ द्या. पुढच्या वेळी अडकला तर आधी फोटो आणि पान जुळवून बघा. सेटिंग तीच, तापमान मात्र दहा-बारा अंशांनी वर गेलेलं दिसलं तर ब्रश काढा. तापमान तेच आणि सेटिंग बदललेली दिसली तर ती परत लावायला पाच मिनिटं पुरतात.